ग्लासगोहून नानांना

ग्लासगो, आषाढ

तीर्थरूप नानांस,
शिरसाष्टांग नमस्कार. मोठ्या मायला आणि आईला पण सांगा.

मी खुशाल आहे. बोटीवरच्या सेकंड इंजिनिअरच्या परीक्षेचा अभ्यास रेटतेय. कळण्याचं पीठ अजून पुरतंय, तेव्हा आईने जेवणाची काळजी करू नये.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, माझे सर मागून सारखं इंग्रजीत 'शी, शी', म्हणजे 'ती, ती' म्हणत होते, ती बाई कोण? नाना, ते जहाजाबद्दल बोलत होते. इथले जुने दर्यावर्दी जहाजाचा उल्लेख बाईमाणसासारखाच करतात. फोनवर घाईत सांगून भागलं नसतं, म्हणून लिहिते.

कारण विचारलं तर जो तो वेगळं सांगतो. कोणी म्हणतं, लॅटिनमध्ये जहाज स्त्रीलिंगी, तिथून हे आलं. पण फ्रेंच आणि रशियन लोकांकडे जहाज पुल्लिंगी असतं, आणि जर्मन लोक पुरुषाचं नाव दिलेल्या जहाजालाही स्त्रीलिंगीच लावतात. इंग्रजीत तर निर्जीव वस्तूंचं लिंग कधीच गळून पडलं, तरी जहाजाचं तेवढं राहिलं. ते मायेपोटी राहिलं असं मला वाटतं. महिनोन्‌महिने चहूकडे पाणी आणि सगळ्यांचा जीव तिच्या हवाली. बोटीवर रात्रीच्या वॉचला, म्हणजे पाळीला, मी इंजिनाच्या क्रँककेसच्या दारावर तळहात टेकवून आतली ऊब बघते. मीटर सगळं दाखवतात, पण हात लावल्याशिवाय जिवाला स्वस्थता नाही. आवाजात जरा फरक पडला की तोंडातून निघतंच, "काय गं, काय झालं?"

इथे क्लाईड नदीच्या काठी 'ग्लेनली' नावाचं १८९६ सालचं शिडाचं जहाज जपून ठेवलंय. त्याच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, लाकडात कोरलेली बाई आहे. पूर्वी कितीतरी जहाजांवर अशी असायची, पुढचा रस्ता तिने बघावा म्हणून. आणि नाना, त्याच खलाशांचा असाही समज होता की हाडामांसाची बाई जहाजावर चढली तर अपशकुन! मला खुपतं ते इथे. लाकडाची चालते. जहाज पाण्यात उतरवण्याच्या मानालाही बाईच लागते. आपली नवी 'विक्रांत' २०१३ साली कोचीत उतरवली तीही एलिझाबेथ अँटनी यांच्या हस्ते, त्या वेळच्या संरक्षणमंत्र्यांच्या पत्नी त्या. पण कामाला बाई? २०२१ च्या मोजणीत जगातल्या सगळ्या खलाशी-अधिकाऱ्यांत बायका भरल्या १.२८ टक्के. शंभरात सव्वा बाई.

इथे यावर वाद झडतात. 'लॉइड्स लिस्ट' हे १७३४ पासूनचं जहाजधंद्याचं पत्र, त्यांनी २००२ मध्ये 'शी' लिहिणं बंद केलं. इथून जवळच आयर्विनला जहाजांचं म्युझियम आहे. तिथल्या पाट्यांवरचा तो शब्द कोणीतरी खरवडून काढला, मग २०१९ मध्ये म्युझियमनेच तो सोडायचं ठरवलं. खरवडणाऱ्याचा राग मला समजतो, पण शब्द काढल्याने इंजिनरूममध्ये एकही मुलगी वाढत नाही. मी तर तिला 'ती'च म्हणणार. मला हवं ते 'तारिणी'सारखं. ओडिशातल्या तारातारिणी देवीवरून नाव ठेवलेली ही नौदलाची शिडाची नौका. सहा बायका अधिकारी तिला २०१७ मध्ये गोव्यातून घेऊन निघाल्या आणि पृथ्वीला वळसा घालून २१ मे २०१८ ला परत आल्या. नाव देवीचं आणि सुकाणू बायांच्या हातात!

हे लिहिताना सारखी आपली खानदेशातली कानबाई देवी आठवतेय. नारळाला डोळे काढायचे, नथ घालायची, रात्रभर गाणी म्हणायची, सकाळी वाजतगाजत नदीवर न्यायचं. घरात तिच्याशिवाय दुसरा विषय नसतो. आणि तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू आपल्याकडे कोणाच्या नावाने घेतात? घरातल्या पुरुषांच्या, प्रत्येकी सव्वा मूठ. पाळण्यातल्या बाळ्याचीसुद्धा मूठ पडली होती, मी जवळ बसून मोजत होते. मोठी माय ते गहू निवडायची, दळायची, चुलीपुढे घामाघूम व्हायची. तिची मूठ कधी पडली नाही.

तर नाना, एक मागणं आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी रोट मांडाल तेव्हा मोठ्या मायची, आईची, वहिनीची आणि माझी मूठ घ्या. सव्वाच घ्या, जास्त नको. भाऊबंदांतून कोणी बोलेल, बोलू द्या. मला बोटीवर पाठवू नका म्हणून अख्खी गल्ली सांगत होती, तेव्हा तुम्ही कोणाचं ऐकलं नव्हतंत. मोठ्या मायला आधी विचारा मात्र, तिच्या मनाविरुद्ध काही नको.

केळीच्या खोडव्याला यंदा पाणी पुरतंय का ते कळवा. परीक्षेची तारीख पक्की झाली की फोन करते.

तुमची लेक