आरोग्यमंत्री महोदय, मला कुणी चालवून बघितलं का?

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा आरोग्य योजनेच्या कार्यालयाचं पत्र आलं. माझ्या कमरेच्या शस्त्रक्रियेला मंजुरी नाही. कारण एका ओळीचं : एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘मॉडरेट स्टेनोसिस’ आहे, म्हणजे मणक्यातली नसांची नळी मध्यम अरुंद; ‘सिव्हिअर’, म्हणजे फार अरुंद, नाही. निर्णय डॉक्टर घेतील, असा शब्द तुम्ही दिला होता. तो गेला कुठे?

आठ महिने झाले, मी धड चाललेले नाही. शंभरेक पावलं टाकली की दोन्ही पोटऱ्या भरून येतात, पाय लाकडासारखे होतात. मग दिसेल त्या कठड्यावर ओणवं व्हायचं. दोन मिनिटांत पाय सुटतात, की पुढची शंभर पावलं. भाजी चिरायची तर कोपरं ओट्यावर टेकून. लोकांना वाटतं, बाई दमली.

वाकलं की मणक्यातली नळी जराशी मोकळी होते, ताठ उभं राहिलं की आवळते. आणि एमआरआय काढतात उताणं निजवून, गुडघ्यांखाली उशी देऊन! ज्या अवस्थेत मला काही होत नाही, तिचा फोटो काढून माझं दुखणं ठरवलंत.

बरं, ठरवलं तरी कशावरून? नळीतल्या नसांच्या थैलीचं क्षेत्रफळ मोजता येतं. 100 चौरस मिलिमीटरच्या खाली अरुंद, 75 च्या खाली फार अरुंद, असा हिशेब धरतात. 2010 साली शिझास नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ए ते डी अशी प्रतवारी दिली. एमआरआयच्या आडव्या छेदात नसांभोवती पाणी किती उरलंय ते बघायचं. सी म्हणजे पाणीही दिसत नाही आणि नसाही वेगळ्या ओळखू येत नाहीत; डी म्हणजे मागची चरबीसुद्धा नाहीशी. माझ्या रिपोर्टमध्ये ना आकडा, ना प्रत. नुसतं ‘मॉडरेट’. तीच फिल्म उजेडाला धरून दुसरे डॉक्टर म्हणाले, ‘चौथ्या-पाचव्या मणक्यात सिव्हिअर आहे.’ एकच फिल्म, दोन शब्द, आणि माझी शस्त्रक्रिया त्यांच्यामध्ये अडकलेली!

आणि ‘सिव्हिअर’ लिहिलं असतं तरी काय? 1990 सालच्या एका अभ्यासात पाठीचा काही त्रास नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले, तर साठीपुढच्या पाचातल्या एकाची नळी अरुंद निघाली! नळी अरुंद, माणूस ठणठणीत. म्हणजे नुसतं चित्र बघून कुणाचा त्रास किती, हे कळतच नाही. किती चालता, कुठे थांबता, वाकल्यावर बरं वाटतं का, हे विचारावं लागतं. मला त्या कार्यालयातून कुणीही विचारलं नाही. फोनसुद्धा नाही. माणूस समोर उभा असताना त्याचा कागद खरा धरायचा, ही तुमच्या सगळ्याच खात्यांची रीत झाली आहे, आणि तिच्यापायी माझ्यासारखी किती माणसं घरात बसली असतील, याचा कुणी हिशेब ठेवत नाही.

प्रत्येक रिपोर्टमध्ये प्रत आणि मोजमाप सक्तीचं करा. मंजुरी देणाऱ्याने रुग्णाला आधी चालायला लावावं.

मला बोलवा, मी येते. तुमच्या दालनाबाहेरचा व्हरांडा लांब असेल तर वाटेत दोन खुर्च्या तेवढ्या ठेवायला सांगा.

आपली,
एक रुग्ण