घोडे बंद नकोत, वजनकाटा हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पत्रसदरात गेल्या आठवड्यात एका वाचकांनी लिहिलं होतं की, थंड हवेच्या ठिकाणी घोड्यावर बसून फिरणं म्हणजे निव्वळ क्रूरपणा, ते सगळं सरसकट बंद करावं. त्यांची कळकळ पटली, उपाय पटला नाही. कारण मी नुकतीच माथेरानला जाऊन घोड्यावर बसून आले आहे. आणि मी टांगेवाल्याची मुलगी आहे.

आमचे आप्पा बेळगाव स्टेशन ते शहापूर टांगा चालवायचे. घरात आधी घोड्याची चंदी, मग आमचं जेवण. भिजवलेले हुलगे त्याच्या तोबऱ्यात गेल्याशिवाय आई ताटं घेत नसे. बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत खराऱ्याचं, म्हणजे घोड्याचं अंग घासायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे घोडा दिसला की माझी नजर आधी त्याच्या पायांकडे जाते, मग पाठीकडे. तोंडाकडे सगळ्यात शेवटी.

दस्तुरी नाक्यापुढे मोटारगाडी जात नाही. अलीकडे ई-रिक्षा आल्यात, पण बाजारातला पुष्कळसा माल अजून घोड्यांवरच चढतो. आम्ही चौघं होतो. मी, जाऊ, धाकटे दीर आणि नात. पहिल्या घोडेवाल्यानं लगाम माझ्या हातात दिलाही होता. मी म्हटलं, जरा खोगीर उचला. तो कुरकुरला. उचललं तर पाठ लागलेली, तळहाताएवढी जखम, त्यावर हळद थापलेली. टांग्याच्या घोड्याला छातीच्या पट्ट्याखाली लागतं, बसायच्या घोड्याला खोगिराखाली, आणि दोन्ही वरून दिसत नाहीत. मी लगाम परत दिला. गिऱ्हाइकांनी एवढं जरी केलं, तरी असा घोडा दुसऱ्या दिवशी नाक्यावर उभा करायची कुणाची हिंमत होणार नाही.

दुसरा घोडेवाला विशी-बाविशीचा पोरगा. त्यानं आम्हा चौघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. नातीला लहान तट्टू दिलं. मी 76 किलो (लपवण्यात काय अर्थ), मला दांडगी कुमैत (तांबूस-काळसर) घोडी. आणि दिरांना म्हणाला, "शेठ, तुम्ही चालत या." दिरांनी खिशातून दुप्पट पैसे काढले. तो हसला आणि म्हणाला, "पैशानं घोडीची कंबर सरळ होत नाही." आमच्या खानदानात दिरांना एवढं स्पष्ट कुणी बोललेलं नाही. शार्लोट तलावापर्यंत ते लाल मातीतून चालत आले, वाटेत दोनदा चिक्की खाऊन.

मला सगळ्यात आवडलं ते त्याचं तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळणं. घोडं पहिल्यांदा तंग आवळताना पोट फुगवून धरतं, म्हणून चार पावलं चालवून पुन्हा आवळावा लागतो, नाहीतर उतारावर खोगीर माणसासकट फिरतं. त्यानं न सांगता दोनदा आवळला. रिकिबीत पाऊल अर्धंच घाला, टाच खाली ठेवा, म्हणजे पडलात तरी पाय अडकून फरफट होणार नाही. चढाला पुढे झुका, उताराला मागे. नातीला हे त्यानं इतकं समजावून सांगितलं की ती आता घरी सोफ्यावर बसून आम्हाला शिकवते. वाट जांभ्याची, आपल्या जांबोटीकडच्या वाटेसारखीच. जिथं माती तिथं घोडी निर्धास्त, आणि पेव्हर ब्लॉकचा उतार आला की पाऊल चाचपत टाकायची. लोखंडी नाल त्या गुळगुळीत फरशीवर सटकतो. फक्त हेल्मेट कुणालाच नव्हतं, नातीलाही नाही. हे मात्र चूक.

तर मुद्दा असा. त्या पोरानं दिरांना नाही म्हटलं ते त्याच्या भलेपणामुळे. दुसरा कुणी दुप्पट पैसे बघून हो म्हणाला असता. भलेपणावर किती दिवस चालवायचं? ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे 1965 सालचे नियम आहेत. त्यात तट्टाच्या पाठीवर 70 किलोपेक्षा जास्त ओझं घालायला मनाई आहे. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, पाच तासांपेक्षा जास्त सलग काम नाही, आणि पारा 37 अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जनावर जुंपायचं नाही. हे नियम पाठीवर लादलेल्या मालाचे आहेत, बसणाऱ्या माणसाचे नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण ओझं तांदळाच्या पोत्याचं की आमच्या दिरांचं, हे घोडीच्या कण्याला काय कळणार? घोड्यांतले जाणकारही खोगिरासकट घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शावर ओझं नको म्हणतात. साडेतीनशे किलोचं तट्टू धरलं तरी हिशेब सत्तरवरच येतो, आणि त्यातून खोगीर वजा करायचं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जिथून घोडे सुटतात तिथं दरफलकाशेजारी एक वजनकाटा ठेवावा. धान्याच्या दुकानात असतो तसला साधा. आकडा जास्त आला की भांडण घोडेवाल्याशी नाही, काट्याशी. आणि हे फक्त माथेरानसाठी म्हणत नाही. आपल्याकडे गावोगावच्या जत्रांत, सुट्टीत बागेच्या तोंडाशी, मुलांना घोड्यावर बसवून फेऱ्या मारतात. एका तट्टावर दोन-दोन पोरं आणि मागे फोटोसाठी बाप. तिथं ना काटा, ना सावली, ना पाण्याची बादली. जत्रेची परवानगी देताना पंचायतीनं आणि शहरात महानगरपालिकेनं एवढ्या तीन वस्तू लिहून घ्याव्यात. घोडे बंद केले तर त्या पोराचं पोट जाईल आणि घोडी कुठं जाईल हे विचारायला कुणी जाणार नाही. आप्पांनी टांगा मोडला तेव्हा आमचा घोडा कुणी नेला, त्याचं पुढं काय झालं, हे आम्हाला आजवर कळलेलं नाही.

ता. क. हे पत्र दिरांना वाचून दाखवलं. मजकुरावर त्यांची हरकत नाही. फक्त आपलं वजन छापू नये म्हणतात, म्हणून छापलेलं नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
शहापूर, बेळगाव