धाकटी आणि अग्निशमन केंद्रातील मंडळी

कोल्हापूर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

बाबा, इतक्या आजारी मुलीला अग्निशमन केंद्रातल्या माणसांत का मिसळू देता, उद्या तिला काही संसर्ग झाला तर काय करणार, असे तुम्ही परवा फोनवर विचारलेत. तुमची काळजी रास्त आहे. फोनवर नीट बोलता आले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

धाकटीला झालेला अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग असून, वेळेवर आणि पूर्ण उपचार मिळालेली बहुसंख्य मुले त्यातून बरी होतात, हे डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितले होते. मात्र हे उपचार दोन-अडीच वर्षे चालतात आणि केमोथेरपीने संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना ताप 100.4 फॅरेनहाइटवर गेला, तर तासाभरात प्रतिजैविक सुरू व्हावे लागते. त्यामुळे शाळा बंद, लग्नकार्ये बंद, अंबाबाईचे दर्शनही बंद. उरली ती आमची गॅलरी आणि तिच्यासमोरचे केंद्राचे आवार. सकाळची हजेरी, कवायत, बंबाची तपासणी हे सारे ती तिथूनच पाहत असे. एके दिवशी तिने सलाम ठोकला आणि रांगेतल्या जवानांनी न हसता, टाचा जुळवून त्याला सलामानेच उत्तर दिले. ओळख झाली ती अशी.

आई, स्टेरॉइडने सुजलेल्या तिच्या चेहऱ्याकडे लोक वळून वळून पाहतात, "बिचारी" म्हणतात, तेव्हा ती कशी कोमेजते ते तू पाहिले आहेस. ही मंडळी तिला बिचारी म्हणत नाहीत. ती प्रश्न विचारते आणि ते मोठ्या माणसाला द्यावे तसे उत्तर देतात. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह पेटले तेव्हा आत जाणे का कठीण होते, 2019 च्या महापुरात बोटीत माणसे कशी बसवत होते, असे तिचे प्रश्न असतात. 14 एप्रिलला ते उभे राहून कोणाला आदरांजली वाहतात, हेही तिने विचारून घेतले. 1944 साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे 66 जण त्यात गेले, हे आता तिला आमच्यापेक्षा नीट ठाऊक आहे.

त्यातली एक गोष्ट तर मला फारच मोलाची वाटते. धुरात शिरण्यापूर्वी जवान पाठीवरच्या सिलिंडरचा दाब पाहतो, तो पुरेसा नसेल तर कितीही घाई असली तरी आत जात नाही, आणि आत असताना हवा संपत आली की शिटी वाजते, मग बाहेर यायचेच. एका जवानाने तो संच बाकावर ठेवून, काट्यावर बोट धरून तिला हे समजावले. तेव्हापासून रक्ताचा अहवाल आला की "काटा कुठं आहे?" असे ती स्वतःच विचारते, आणि पेशी कमी असतील तर हट्ट न करता गॅलरीतूनच हात हलवते. आम्ही आणि परिचारिकांनी किती समजावले होते, पण पटले ते त्या काट्यामुळे.

आता संसर्गाविषयी. आवारात ती मास्क लावून, मोकळ्या हवेत, गर्दी नसतानाच जाते. गेल्या महिन्यात त्याच जवानाचा फोन आला, "ताई, घरात पोरीला कांजिण्या आल्यात. मी आता धाकटीजवळ काय येत न्हाई." अशा मुलांना कांजिण्या जिवावर बेतू शकतात. आपले काही नातलग खोकत घरात येऊन बसतात आणि हा माणूस कोणी न बजावता आपणहून दूर राहतो, याचे मला फार वाटले.

तिच्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, घसरल्या तेव्हा रक्तपेढीत पहिले तेच पोहोचले. प्लेटलेट देण्यासाठी दीड-दोन तास यंत्राला जोडून बसायचे आणि तिथून परत ड्यूटीवर जायचे, असे दोघांनी केले. एकाने आधीच्या तीन दिवसांत अॅस्पिरिन घेतली होती आणि तिने प्लेटलेटचे काम मंदावते, म्हणून तो हळहळत माघारी गेला. मध्यरात्री ताप चढला तेव्हा 108 ची रुग्णवाहिका आली, त्यातल्या डॉक्टरांनी तिला तपासले आणि पायलट, म्हणजे तिचा चालक, वाटभर तिच्याशी बंबावर बोलत राहिला. ती घाबरली नाही. तिच्या लेखी तीही केंद्रातलीच माणसे होती.

बाबा, तुमची परवानगी मिळावी एवढ्यासाठी हे लिहिलेले नाही. तिच्या आजारपणात तिला हक्काची माणसे मिळाली आहेत आणि ती मी तोडणार नाही, हे तुम्हाला माझ्याकडूनच कळावे असे वाटले. तुम्ही याल तेव्हा ती तुमची त्यांच्याशी ओळख करून देणार आहे. तिने ते ठरवूनच ठेवले आहे.

प्लेटलेट पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत, त्यामुळे त्या आधीपासून साठवून ठेवता येत नाहीत. दादाचा रक्तगट जुळतो. त्याने आजऱ्याहून एकदा येऊन रक्तपेढीत तपासणी करून नाव नोंदवावे, असे त्याला सांगा. येण्यापूर्वी अंगदुखीची कोणतीही गोळी घेऊ नये.

तुमची,
ताई