फासा नव्हे, भिंगरी

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतील व्हिक्टोरियन काळातल्या घरगुती खेळांवरचा लेख आवडला. मात्र सोबतच्या ‘घरी करून पाहा’ या चौकटीत पटाबरोबर दोन फासे घ्यायला सांगितले आहे. नेमकी हीच वस्तू त्या काळच्या इंग्लंडमधील सभ्य घरांना नको होती. फासा म्हटला की जुगार आलाच. प्रकाशक जॉन वॉलिस आणि एलिझाबेथ न्यूबेरी यांनी १७९० मध्ये लंडनमध्ये काढलेल्या ‘न्यू गेम ऑफ ह्यूमन लाइफ’ या पटावरच्या खेळाच्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की, घरांत फाशांची डबी शिरू नये म्हणून भिंगरी (काडीवर फिरणारी, कडांवर आकडे असलेली चकती) वापरावी. शिवाय १७११ पासून ब्रिटनमध्ये फाशांवर सरकारी कर होता.

(या पटाला लेखात सरसकट ‘व्हिक्टोरियन’ म्हटले आहे. राणी व्हिक्टोरियाचा जन्म १८१९ चा आणि कारकीर्द १८३७ ते १९०१. तिच्या काळात असे पट भरपूर खेळले गेले, पण ही तऱ्हा आधीच रुळलेली होती.)

या पटावर ८४ घरे आहेत. आयुष्याचे बारा-बारा वर्षांचे सात टप्पे. सातव्या घरातला अभ्यासू मुलगा थेट ४२ वर जाऊन वक्ता होतो. चाळिसाव्या घरातल्या रम्यकथा लिहिणाऱ्याला मात्र मागे, पाचव्या घरातल्या खोडकर मुलाकडे पाठवले आहे. असल्या कथांविषयी प्रकाशकांचे मत काय होते, हे वेगळे सांगायला नको! पुढे अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली यांनी १८६० मध्ये ६४ घरांचा, १०० गुणांचा ‘चेकर्ड गेम ऑफ लाइफ’ काढला, तोही भिंगरीवरच. इंग्लंडमध्ये १८९६ साली पेटंट घेतलेल्या ल्युडोत फासा आला, तो शतक संपता संपता.

भिंगरी घरी करता येते, पण घाईने केलेली हमखास खोटी निघते. दीड ते दोन मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्यावर कंपासने दोन सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढावे. कंपास तेवढाच उघडा ठेवून परिघावर सहा खुणा कराव्यात, त्या सरळ रेषांनी जोडाव्यात आणि षटकोन कापावा. प्रत्येक कडेला एकेक आकडा, १ ते ६. कंपासच्या टोकाने पडलेले टोचणच मध्यबिंदू. भोक तिथेच पाडायचे, अंदाजाने नव्हे. त्यातून गूल काढून टोक तासलेली काडेपेटीची काडी घट्ट बसवावी. खाली आठ मिलिमीटर राहू द्यावी, वर चिमटीत धरण्यापुरती. खालचा भाग लांब ठेवला की चकती उंचावर जाते आणि भिंगरी दोन गिरक्यांत कोसळते. काडी तिरपी बसली तर ती डोलते. भोक जरासे जरी सरकले तरी जड बाजू खाली यायला बघते आणि तोच आकडा पुन्हा पुन्हा पडतो. गोंद एका अंगाला साचला तरी हाच प्रकार. म्हणून खेळाआधी साठ वेळा फिरवून आकडे लिहून काढावेत. प्रत्येक आकडा दहाच्या आसपास यायला हवा. एखादा वीसच्या पुढे गेला तर भिंगरी टाकून नवी करावी, कडा तासून दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये. आकडा टेबलाला टेकलेल्या कडेचा धरायचा की वरच्या, हेही आधीच ठरवावे. भांडणे तिथेच होतात.

पटाचा छापील कागद अख्खा पुठ्ठ्यावर चिकटवा, असेही चौकटीत आहे. असा पट घडी घातली की मधोमध फाटतो. जुने प्रकाशक तांब्याच्या कोरीव पत्र्यावरून छापलेला, हाताने रंगवलेला कागद सारख्या तुकड्यांत कापत आणि ते तुकडे थोडी थोडी फट सोडून लिननवर चिकटवत, म्हणजे घडी कापडावर पडे, कागदावर नाही. सोळा तुकड्यांच्या पटाला दोन मिलिमीटरची फट पुरते. खळ दाट हवी. पातळ खळीने कागद फुगतो, वाळताना आक्रसतो आणि शेजारच्या तुकड्यांवरच्या रेघा जुळत नाहीत. चिकटवल्यावर सपाट फळीखाली, वर वजन ठेवून, रात्रभर दाबून ठेवावे.

एक विनंती. त्याच चौकटीत ‘स्नॅपड्रॅगन’ही दिला आहे: पसरट भांड्यातली ब्रँडी पेटवायची, दिवे मालवायचे आणि जळत्या ब्रँडीतले बेदाणे बोटांनी उचलून तोंडात टाकायचे. नाताळच्या रात्री व्हिक्टोरियन घरांत हा खेळ होत असे, हे खरेच. पण बेदाण्याबरोबर पेटती ब्रँडीही उचलली जाते आणि थेंब बाहीवर पडला तर कापड पेट घेते. अंधारात भांडे कलंडले तर आग टेबलभर पसरते. इतिहास म्हणून हा खेळ लेखात जरूर असावा. मुलांनी करून पाहण्याच्या यादीतून तो पुढच्या अंकात खुलासा छापून काढून टाकावा.

आपला,
एक वाचक