आई, तो कागद भांडणाचा नाही

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

परवा फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हाच कळलं की तुला रात्रभर झोप नाही. ह्यांच्या संमतीच्या कागदाचा फोटो मी टाकला तो तुम्हाला आमच्या येण्याजाण्याच्या तारखा कळाव्यात म्हणून, आणि धाकट्यानं वाचून काय सांगितलं तर दाजींनी ताईला पोरीला घेऊन जायची परवानगी दिलीय. मग तुम्ही दोघं घाबरणारच की. आई, देवाशपथ सांगते, आमचं काही बिनसलेलं नाही. हे आत्ता बाजूला बसून चिऊला भात भरवतायत.

ऑफिस, थंडी, डबा ते सगळं तुम्हाला पाठच आहे, ते लिहीत नाही. कागदाचं तेवढं नीट सांगते, बाबांना वाचून दाखव.

इथे कॅनडात मूल एकट्या आईबरोबर नाहीतर एकट्या बापाबरोबर देशाबाहेर निघालं की मागे राहणाऱ्यानं लिहून द्यायचं, माझी हरकत नाही म्हणून. कायद्याची सक्ती नाही, पण कॅनडा सरकार स्वतःच सांगतं की असा कागद जवळ ठेवा, नमुनासुद्धा त्यांच्याच वेबसाईटवर आहे. पोरीचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, कुणाबरोबर चाललीय, कधी जाणार कधी येणार, कुणाच्या घरी राहणार, मागे राहणाऱ्याचा फोन नंबर आणि खाली सही. सही नोटरीपुढे केली की तिला वजन येतं. भांडण असो नसो, सगळ्यांना तेच सांगतात. का, तर नवराबायकोचं फाटलं की एक जण मूल घेऊन दुसऱ्या देशात निघून जातो आणि दुसरा कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसतो. असं नेलेलं मूल परत आणायला १९८० साली हेगला एक करार झाला, कॅनडा त्यात आहे, आपला भारत नाही. म्हणजे भारतात नेलेलं मूल त्या कराराच्या जोरावर परत मागता येत नाही. म्हणून मी म्हटलं, आपण तर कागद करूनच जायचं.

आणि मी उगाच घाबरत नाही. आमच्या बिल्डिंगमधली एक साताऱ्याची बाई लेकाला घेऊन एकटीच परत आली तर एअरपोर्टवर साहेबानं पोरालाच विचारलं, तुझे बाबा कुठायत, तू गेलेला त्यांना माहितीय का. सोळा-सतरा तासांचा प्रवास करून आलेलं पोर, ते रडायलाच लागलं. तिच्याकडे कागद नव्हता, नवऱ्याला फोन लावून खात्री करेपर्यंत तास गेला. आपल्या चिऊवर ती वेळ नको.

तू म्हणशील, तेव्हाच सांगितलं होतं लग्नानंतर नाव बदलून घे. आई, माझी डिग्री, पासपोर्ट, नोकरी सगळं बाबांच्या आडनावावर आहे, ते बदलायचं म्हणजे किती ठिकाणी फिरायचं, आणि मला बदलायचंही नव्हतं. पण पोरीचं आडनाव वेगळं माझं वेगळं म्हटल्यावर कागद जास्त लागतात हे खरं. तिचा जन्मदाखला इथला, छोटा, त्यावर आईबापाची नावंच नाहीत! मोठा दाखला पैसे भरून वेगळा मागवला, त्यावर आहेत.

शनिवारी नोटरीकडे गेलो तर तिथे आपल्या गावाचंच घोडं अडलं. मी पत्ता लिहिला खानापूर, जिल्हा बेळगावी, आणि ह्यांच्या पासपोर्टवर जन्मस्थळ बेळगाम. नोटरी म्हणाला ही दोन गावं आहेत का? मी त्याला सांगत बसले की गाव एकच, आम्ही घरात बेळगाव म्हणतो, इंग्रजीत बेळगाम होतं, २०१४ च्या १ नोव्हेंबरला सरकारनं बेळगावी केलं. १ नोव्हेंबर म्हणताना बाबा डोळ्यासमोर आले, आपल्या सीमाभागातल्या काळ्या दिवसाला दंडाला काळी फीत बांधून निघालेले, आणि कन्नडमधला उतारा शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेणारे. बाबा, कागद आपल्याला कळेल अशा भाषेत असावा हे तुमचं म्हणणं मला त्या दिवशी पुन्हा पटलं.

एक सांगू? सही करायच्या आधी ह्यांनी परतीची तारीख दोनदा वाचली. बोट ठेवून. काही बोलले नाहीत. घरी येताना गाडीत म्हणाले, पाच आठवडे होतात गं. मला रडू आलं, पण चिऊ मागे बसलेली.

हे का येत नाहीत ते खरं सांगते, फोनवर नीट सांगितलं नाही. नवीन नोकरी, सुट्टी नाही हे आहेच, पण डिसेंबरच्या तीन तिकिटांचे पैसे आत्ता जमत नाहीत. तिसऱ्या तिकिटाचे पैसे आपल्या घरच्या लग्नाला लागू देत असं ह्यांनीच म्हटलं. दीड लाख बाबांच्या खात्यावर पाठवलेत, हॉलचं त्यातून भागवा, उरलेले पन्नास हजार पुढच्या महिन्यात नक्की. आई, तुझ्या पाटल्या गहाण टाकायला देऊ नकोस, मला धाकट्यानं सांगितलंय, नाही म्हणू नको. चार वर्षं आले नाही, आजीच्या वेळीही आले नाही, निदान हे तरी मला करू दे.

मुहूर्त धनुर्मासाच्या आधीचाच धरा, मी हळदीच्या आठ दिवस आधी पोचते. मुंबईहून रात्रीच्या बसनं येऊ, बाबांनी एवढ्या लांब घ्यायला येऊ नये. मांडे तेवढे सांगून ठेव, चिऊनं अजून बघितलेसुद्धा नाहीत.

आणि पत्रिका छापायला द्याल तेव्हा ह्यांचं नाव माझ्या नावाच्या आधी घाला. येणार नाहीत म्हणून गाळू नका.

तुमची,
ताई