भट्टीवाल्या चाचांना

चाचा, सलाम.

दिवाळीच्या तोंडावर परभणीत तुमच्या बेकरीसमोर डब्यांची रांग लागते. कुणी मैदा, तूप, पिठीसाखर घरून आणतं, कुणी मळलेला गोळाच घेऊन येतं आणि नानकटाईचे पत्रे एकामागून एक आत जातात. भट्टी एकच, आच एकच, पत्रा सरकवणारा हातही तुमचाच. तरी एका घरची नानकटाई फुलून वरून तडकते आणि शेजारच्या घरची पापडासारखी पसरते. मग कुणीतरी भट्टीला बोल लावतं. तुम्ही वाद घालत नाही. डब्यात उरलेला गोळा दोन बोटांत दाबून बघता आणि विचारता, "तूप कसं होतं?" बेकिंगमधलं मला जे काही कळतं त्याची सुरुवात या प्रश्नापासून झाली. म्हणून हे आभार चारचौघांत मानते आहे.

तूप घट्ट आणि रवाळ असेल तर साखरेबरोबर फेसताना ते पांढरं, हलकं होतं, कारण त्यात हवा धरून राहते. ऑक्टोबरच्या उन्हात पातळ झालेल्या तुपात हवा टिकत नाही. अशी नानकटाई भट्टीत फुलायच्या आधीच पसरते. डालडा उशिरा वितळतो, आकार नीट राहतो, पण टाळूला चिकटतो. तुमचं म्हणणं होतं, पातेलं गार पाण्यात ठेवून तूप थिजवा, डालड्याच्या वाटेला जाऊ नका. मीही आता सगळ्यांना तेच सांगते. बाजारच्या बटरचा हिशेब वेगळा आहे, हेही तुम्हीच सांगितलंत. त्यात साधारण 80 टक्के स्निग्धांश असतो आणि बाकी बहुतेक पाणी. तुपात पाणी जवळजवळ नसतंच. बटरच्या जागी तेवढंच तूप घातलं तर बिस्किट हातात घेताच भुगा होतं. तूप थोडं कमी करायचं आणि चमचाभर दूध वाढवायचं, एवढाच उपाय.

पण माझ्यावर खरे उपकार दह्याचे आहेत. माझा बिनअंड्याचा केक थंडीत एक आणि मे महिन्यात दुसराच व्हायचा. कृती तीच, मापं तीच. मी तुकडा घेऊन आले तेव्हा तुम्ही तो चाखण्याआधी मधोमध मोडलात, आतली जाळी उजेडाकडे धरून पाहिलीत आणि म्हणालात, "बेटी, ज्या वाटीतलं दही घातलंस ती वाटी आण." ती चाखून तुम्ही लगेच सांगितलंत की दोष केकमध्ये नाही, दह्यात फरक आहे.

खायचा सोडा एकटा काम करत नाही, त्याला आंबट लागतं. दही, ताक, लिंबू, काहीही. थंडीत सकाळी लावलेलं दही संध्याकाळपर्यंत गोडसरच असतं. त्यात सोडा पुरता वापरला जात नाही, उरतो, आणि केकला साबणासारखी चव व गडद तपकिरी रंग येतो. आपल्याकडे पारा 42 अंशांवर गेला की तेच दही दुपारपर्यंत आंबून जातं. मग सोडा सगळा संपतो, आंबटपणा मागे राहतो आणि केक फिका दिसतो. शिवाय दही आणि सोडा भेटले की लगेच बुडबुडे सुटतात, त्यामुळे मिश्रण ओट्यावर ठेवून ओव्हन तापण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. बेकिंग पावडरमध्ये आंबट घटक आधीच असतो, म्हणून ती दह्याच्या मूडवर अवलंबून नसते. एक वाटी मैद्याला एक छोटा चमचा, हे तुमचं माप मी आजही पाळते. डबा जुना असेल तर चिमूटभर पावडर गरम पाण्यात टाकून पाहायची. फसफसली नाही तर फेकून द्यायची.

साखर कमी करून केक 'पौष्टिक' करणाऱ्यांना तुम्ही थांबवता ते फार बरं करता. साखर ओलावा धरते. ती फार काटली की गोडी तर जातेच, केकही कोरडा आणि चिवट होतो.

आणि ज्वारी. मैद्यात पाणी घालून मळलं की जो चिकट ताण येतो, तो ज्वारीत नसतोच. भाकरीला आपण आधण घालतो ते त्यासाठीच, गरम पाण्यानं पीठ बांधलं जातं. जुन्या पिठाची विरी गेली की भाकरी थापता येत नाही, तेच बिस्किटालाही लागू आहे हे तुम्ही सांगेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ताजं दळलेलं पीठ, त्यात निम्मी कणीक, असं करून पाहिलं आणि बिस्किटं अखंड निघाली.

घरी ओव्हन आल्यापासून मी तुमच्याकडे पत्रे आणत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरीही तुम्ही हातचं काही राखलं नाही. गिऱ्हाईक कमी होईल याचा विचार न करता शिकवणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही.

आता एक अडचण आहे. ज्वारीच्या बिस्किटात साखरेऐवजी गूळ घातला की चव सुरेख येते, पण गूळ हवेतली ओल ओढतो आणि पावसाळ्यात दुसऱ्याच दिवशी बिस्किटं मऊ पडतात. दुसऱ्यांदा मंद आचेवर भाजून पाहू का? गर्दी नसेल अशा एखाद्या दुपारी डबा घेऊन येते.

तुमची,
गल्लीतली लेक