रंगापूर्वीच्या कामाचाही दर मागा

संपादक महोदय,

समुद्रकाठच्या शहरात परवानाधारक रंगकाम कंत्राटदार म्हणून काम करताना ग्राहकांशी सर्वाधिक वाद होतो तो रंगावरून नव्हे, तर त्याआधीच्या तयारीवरून. खाऱ्या वाऱ्याने भिंतीवर बसलेले क्षार हवेतील ओलावा शोषत राहतात. ते गोड्या पाण्याने धुऊन, भिंत पूर्ण वाळू देऊन मगच प्रायमर लावला नाही, तर उत्तम प्रतीच्या रंगालाही फुगे येऊन पोपडे सुटतात. लोखंडी ग्रिलचा गंज खरवडणे हेही त्यातच आले. दरपत्रकातून नेमकी हीच कामे गाळणारा स्वस्त ठरतो आणि (खेदाने लिहितो) काम बहुधा त्यालाच मिळते. घरमालकांनी दर मागवताना धुणे, वाळवणे आणि प्रायमर यांचा स्वतंत्र उल्लेख लेखी मागावा, अशी विनंती आहे.

– एक रंगकाम कंत्राटदार